कामावर परतलात, आता पगाराचा हिशेब मांडा

भिवंडीत करोनाच्या टाळेबंदीनंतर रोजगार परत आला का, या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. मार्च २०२० मध्ये यंत्रमाग थांबले आणि मीटरच्या दराने मजुरी घेणारे कामगार मिळेल त्या वाहनाने, नाहीतर पायी, उत्तर प्रदेश-बिहारकडे निघाले. परतले तेव्हा सूत महागले होते आणि सगळे माग पूर्वीसारखे चालत नव्हते. त्याच सुमारास नाशिक महामार्गाच्या कडेने गोदामे वाढत होती, कारण घरात अडकलेली शहरे मोबाइलवरून खरेदी करायला शिकली होती. एकाच गावात एका धंद्याला माणसे जड झाली होती, दुसऱ्याला पुरत नव्हती. मागावरचा कारागीर गोदामात गेला, तर त्याच्या वीस वर्षांच्या हातोटीला तिथे काही भाव नाही. तिथे तो ठेकेदाराच्या हजेरीवरचा नवा माणूस.

नोकऱ्या परत आल्या, हे विधान खरे आहे. कोणत्या धंद्यात, किती पगारावर आणि कोणत्या कागदावर, हे त्यात सांगितलेले नसते. आणि घरचा हिशेब नेमका त्यावर ठरतो. सरकारी पाहणीत ‘कामावर’ म्हणून ज्यांची नोंद होते, पण महिनाअखेरीस तोंडमिळवणी होत नाही, अशा वाचकांसाठी हे लिहितो आहे. ज्यांची गाडी टाळेबंदीच्या आधीपेक्षाही पुढे गेली, त्यांच्यासाठीही थोडे आहे, कारण तीही वाट सरळ राहिलेली नाही.

आधी आपला धंदा कुठे उभा आहे ते बघा. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत बांधकामाचे उत्पादन पन्नास टक्के घटले, व्यापार-हॉटेल-वाहतूक या गटाचे सत्तेचाळीस टक्के. शेती मात्र ३.४ टक्के वाढली. शहरी बेकारी त्या तिमाहीत एकवीस टक्क्यांच्या घरात होती. २०२३-२४ च्या वार्षिक पाहणीत देशाचा बेकारीचा दर ३.२ टक्के होता. मग एवढी माणसे सामावली कुठे? शेतीवर काम करणाऱ्यांचे प्रमाण २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होते, ते २०२३-२४ मध्ये ४६.१ टक्के झाले. स्वयंरोजगारवाले ५२ टक्क्यांवरून ५८ टक्क्यांवर गेले. पगारी नोकरदार २३.८ टक्के होते, ते २१.७ टक्के उरले. स्वयंरोजगार या भारदस्त शब्दात बायकोच्या टपरीवर बसणारा नवराही येतो आणि सासऱ्याच्या शेतात बिनपगारी राबणारी सूनही. बेकारी घटण्याचा बराच भाग असा आहे.

पहिला हिशेब महागाईचा

पगार ‘पूर्वीइतका झाला’ म्हणजे तो सावरला, असे आपण धरून चालतो. किरकोळ महागाईचा सरकारी दर २०२०-२१ मध्ये ६.२ टक्के होता. पुढच्या चार वर्षांत तो अनुक्रमे ५.५, ६.७, ५.४ आणि ४.६ टक्के राहिला. हे एकावर एक चढवले, की पाच वर्षांत भाव सुमारे ३२ टक्क्यांनी वाढलेले दिसतात. म्हणजे २०१९-२० मध्ये ज्या वेटरला १२,००० मिळत होते, त्याला २०२४-२५ मध्ये १५,८०० मिळाले तर तो जिथल्या तिथे आहे. १५,००० वाल्याला १९,८०० हवेत, २५,००० वाल्याला ३३,०००. तुमचा जुना पगार घ्या, त्याला १.३२ ने गुणा आणि आलेला आकडा कागदावर लिहा. आजचा पगार त्यापेक्षा कमी असेल, तर बढती मिळालेली असली तरी तुम्ही मागे आहात.

देशाचे चित्र या बाबतीत थोडे अनपेक्षित आहे. २०२४-२५ च्या आर्थिक पाहणी अहवालातली आकडेवारी सांगते की २०१७-१८ ते २०२३-२४ या काळात महागाई वजा केल्यावर पगारी पुरुषांची सरासरी कमाई सहा टक्क्यांहून अधिक घटली, पगारी स्त्रियांची साडेबारा टक्के. स्वयंरोजगारातल्या स्त्रियांची तर जवळजवळ एक तृतीयांश घटली. वाढली ती रोजंदारीवाल्यांची मजुरी. श्रीमंत वर आणि गरीब खाली असे जे इंग्रजी ‘के’ अक्षराचे चित्र नेहमी रंगवतात, त्यात हे नीट बसत नाही. गवंड्याचा दर वाढला हे खरेच आहे. पण नाक्यावर उभे राहून महिन्याचे किती दिवस काम लागते, हे दरात दिसत नाही. त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे: २०२३-२४ मध्ये मोठ्या कंपन्यांचा नफा २२.३ टक्के वाढला, नोकऱ्या दीड टक्का. पैसा नव्हता म्हणून पगार वाढले नाहीत, हे सगळीकडे खरे मानू नका.

अमेरिकेत २०२१ नंतर सर्वांत जलद पगार वाढले ते खालच्या थरातल्यांचे, हॉटेलांत आणि दुकानांत राबणाऱ्यांचे. सरकारने हातात पैसे दिले होते आणि माणसांचा तुटवडा होता, त्यामुळे कामगाराला ‘या पगारावर येत नाही’ म्हणता आले. आपल्याकडे हातावर पोट असलेल्याला हे म्हणता येत नाही. निदान पगारवाढ कधी मागायची, हे तरी निवडता येते. कोकणात किंवा गोव्यात हॉटेलात काम करत असाल, तर पगाराचा विषय जूनमध्ये काढू नका. दिवाळीच्या तोंडावर काढा, कारण तेव्हा मालकाला नवा आचारी शोधायला वेळ नसतो. कारखान्यात मोठी ऑर्डर लागते तेव्हा, लग्नसराईत केटरिंगवाल्याची तारीख जवळ येते तेव्हा. एकट्याने जाण्यापेक्षा चौघांनी जा. रोख वाढ मिळत नसेल, तर जेवण, राहण्याची सोय, आठवड्याची सुट्टी, पीएफ यांतले काहीतरी पदरात पाडून घ्या. पीएफ मागितला की मालक चपापतो, म्हणून तोच आवर्जून मागा.

कागदाशिवायची नोकरी

अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२१ च्या अहवालात एक गोष्ट स्पष्ट दिसली. २०१९ च्या अखेरीस पक्क्या पगारी नोकरीत असलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक वर्षभराने असंघटित कामात होते. काहींनी स्वतःचे काही सुरू केले, काही रोजंदारीवर गेले, काहींना नोकरीच मिळाली, पण करार नाही, रजा नाही, पीएफ नाही. पगार तोच दिसत असला, तरी त्याखालची जमीन सरकलेली होती.

म्हणून नवी नोकरी धरताना पगाराच्या आकड्याआधी चार गोष्टी विचारा: नियुक्तीपत्र मिळेल का, पीएफ कोणाच्या नावाने भरला जाईल, कंपनीच्या की ठेकेदाराच्या, पगार बँकेत येईल का, आणि पगार एकवीस हजारांपर्यंत असेल तर ईएसआयचे कार्ड कधी मिळेल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांत प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणे बंधनकारक आहे, आणि काम सुटल्यावर किंवा सोडल्यावर पगाराची बाकी दोन कामाच्या दिवसांत द्यायची आहे. मुदतीच्या करारावरच्या कामगाराला एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे; पूर्वी पाच वर्षांची अट आड यायची. कायदा झाला म्हणून मालक आपणहून देईल असे नाही. पण ‘असा नियमच नाही’ हे उत्तर आता तुम्हाला कोणी देऊ शकत नाही.

गोदामात किंवा बाजारात ओझी उचलण्याचे काम असेल, तर माथाडी मंडळात नोंद होते का, ते विचारा. महाराष्ट्राचा माथाडी कायदा १९६९ चा आहे आणि मंडळातून मजुरी घेणाऱ्या हमालाला पीएफ, बोनस, रजा मिळतात. तेच ओझे ठेकेदाराकडून उचलणाऱ्याला यातले काही मिळेलच असे नाही.

पीएफचे पासबुक ‘उमंग’ अॅपवर दर महिन्याला बघा. पगारातून कापले गेले आणि खात्यात आले नाही, असे प्रकार बंद पडत चाललेल्या कारखान्यांत हमखास होतात आणि कामगाराला ते कळते कारखाना बंद झाल्यावर. करोनात ज्यांची नोकरी अचानक गेली, त्यांच्या जुन्या खात्यात अनेकदा नोकरी सोडल्याची तारीखच चढलेली नसते आणि मग पैसे हलवता येत नाहीत. त्यासाठी जुन्या मालकाच्या दारात उभे राहायची गरज नाही. शेवटचा हप्ता जमा झाल्यानंतर दोन महिन्यांनी ही तारीख यूएएनच्या संकेतस्थळावर स्वतःला भरता येते. जुने खाते नव्यात वळवून घ्या, काढून टाकू नका. निवृत्तिवेतनासाठी एकूण दहा वर्षांची सेवा लागते आणि ती तुकड्यातुकड्यांनी जोडता येते. पैसे काढलेत की जुनी वर्षे हातची जातात. सलग पाच वर्षांच्या आत काढलेल्या रकमेवर करही बसतो. २०२० मध्ये सरकारने तीन महिन्यांच्या पगाराएवढी किंवा शिलकीच्या ७५ टक्के, यांतली कमी असेल ती रक्कम काढायची सवलत दिली, तेव्हा लाखोंनी ती घेतली. दुसरा इलाजही नव्हता. पण तो खड्डा बुजवायचा असेल, तर आता पगार वाढेल तशी ऐच्छिक पीएफची थोडी भर घाला.

ईएसआयचा विमा असेल आणि नोकरी गेली, तर ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ विचारा. सरासरी रोजच्या पगाराच्या निम्मी रक्कम नव्वद दिवसांपर्यंत मिळते, आयुष्यात एकदाच. तिची मुदत वेळोवेळी वाढवली गेली आहे, म्हणून अर्जाआधी शाखा कार्यालयात ती चालू असल्याची खात्री करा. माझ्या अंदाजाने पात्र कामगारांपैकी बहुतेकांनी तिचे नावही ऐकलेले नाही.

ज्यांच्याकडे ना पीएफ ना ईएसआय, त्यांनी निदान यादीत असावे. एप्रिल २०२० मध्ये महाराष्ट्रात बांधकाम मजुरांना दोन हजार रुपये मिळाले ते बांधकाम मंडळात नोंद असलेल्यांना. एप्रिल २०२१ मध्ये दीड हजार रुपये जाहीर झाले तेही नोंदणीकृत बांधकाम मजूर, घरेलू कामगार आणि परवानाधारक रिक्षाचालकांना. दारोदार भांडी घासणाऱ्या किती बायका घरेलू कामगार मंडळाच्या यादीत होत्या, हे तुमच्या वस्तीत विचारले तरी कळेल. मंडळाची नोंद आणि ई-श्रम कार्ड (वय १६ ते ५९) ही कामे सणासुदीच्या सुट्टीत उरकून टाका. बांधकाम मंडळासाठी वर्षभरात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तो मुकादमाकडून काम चालू असतानाच घ्या. काम संपल्यावर मुकादम सापडत नाही. रस्त्यावर धंदा करणाऱ्यांसाठी पीएम स्वनिधीचे बिनतारण कर्ज आहे. १० हजारांपासून सुरू झालेली ही योजना आता १५ हजारांच्या पहिल्या हप्त्यावर आली आहे आणि वेळेवर फेडणाऱ्याला पुढे पन्नास हजारांपर्यंत जाता येते. खासगी सावकाराकडे किंवा आठवडी हप्त्याच्या बचतगटाकडे वळण्याआधी महापालिकेत एक चक्कर टाका.

धंदा बदलावा का?

सगळ्यांत कठीण प्रश्न हा आहे, आणि याचे उत्तर धंद्याधंद्यागणिक वेगळे आहे.

तमाशाच्या फडांचे उदाहरण घ्या. दसऱ्याला फड बाहेर पडतो, खरी कमाई चैत्र-वैशाखातल्या गावोगावच्या यात्रांत. नारायणगावच्या राहुट्यांत गावकारभारी येतात, सुपारी ठरते. २०२० आणि २०२१, दोन्ही वर्षे यात्राच भरल्या नाहीत. चित्रपटगृहे आणि नाट्यगृहे नोव्हेंबर २०२० मध्ये निम्म्या प्रेक्षकांनी उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली आणि ऑक्टोबरअखेर कुठे उघडली. जे धंदे सर्वांत शेवटी उघडतात, त्यांतल्या माणसांच्या अंगावर सर्वांत जास्त कर्ज चढते. धंदा चालू झाला तरी पहिल्या दोन हंगामांची कमाई उचल फेडण्यातच जाते. अशा कामात असाल तर धंदा सोडा असे मी म्हणणार नाही. ती कला आहे आणि दुसरीकडे तिचा दाम मिळणार नाही. पण पावसाळ्याच्या महिन्यांसाठी दुसरे ठरलेले काम हवे, आणि उचल एका हंगामात फिटेल एवढीच घ्यावी. शिवाय कार्यक्रमपत्रिका, वर्तमानपत्रांतली कात्रणे, फोटो जपून ठेवा. पुढे ज्येष्ठ कलावंतांच्या मानधनासाठी अर्ज करताना हेच पुरावे मागितले जातात.

हॉटेलातला आचारी, पर्यटनाची गाडी चालवणारा, ट्रॅव्हल एजन्सीतला कारकून यांची गोष्ट वेगळी. त्यांचे धंदे परतले, पण मालकांनी त्या काळात कमी माणसांत काम भागवायला शिकून घेतले. दोघांचे काम एकावर आले आहे. इथे धंदा बदलण्यापेक्षा जागा बदलणे बरे: उपाहारगृहातून रुग्णालयाच्या किंवा कंपनीच्या कँटीनमध्ये, हंगामी गाडीवरून कारखान्याच्या बसवर. पगार थोडा कमी वाटेल, पण तो बारा महिने येतो.

आणि ज्याच्याकडे दुसरे काहीच राहिले नाही, तो मोटारसायकल घेऊन डिलिव्हरीत गेला. तिथे उतरण्याआधी हा हिशेब मांडा. समजा महिन्याला खात्यात २४,००० आले. त्यातून पेट्रोल ६,०००, गाडीचा हप्ता ३,५००, टायर-ऑइल-दुरुस्ती १,०००, मोबाइल ३००. उरले १३,२००. रोज दहा तास, महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर २६० तास, म्हणजे तासाला जेमतेम एक्कावन्न रुपये. गाडीची झीज, पाठीचा पट्टा आणि अपघाताचा धोका यात धरलेलाच नाही. हाताशी काही नसताना सहा महिने करायला हे काम ठीक आहे. त्या सहा महिन्यांत आयटीआयचा लहान अभ्यासक्रम किंवा अवजड वाहनाचा परवाना मिळवा. अनुभव आहे पण प्रमाणपत्र नाही, अशा कारागिरांसाठी पूर्वानुभवाची परीक्षा घेऊन दाखला देण्याची सरकारी सोय आहे. वीजतंत्री, प्लंबर, वेल्डर यांनी ती जरूर घ्यावी.

राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना २०२४ पासून आहे. बारावीला सहा, आयटीआय-पदविकेला आठ आणि पदवीधराला दहा हजार रुपये विद्यावेतन मिळते. शिकण्यासाठी घ्या, नोकरी म्हणून धरून बसू नका. मुदत संपल्यावर आस्थापनेवर घेण्याचे बंधन नाही.

आता वरच्या फांदीवरच्यांविषयी. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांनी २०२१-२२ मध्ये अशी भरती केली की एकट्या टीसीएसमध्ये वर्षभरात एक लाखाहून जास्त माणसे वाढली. दोन वर्षांनी, २०२३-२४ मध्ये, तिथलीच संख्या तेरा हजारांनी घटली, इन्फोसिसची जवळजवळ सव्वीस हजारांनी. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे बारा हजार जागा कमी करण्याचे जाहीर केले. २०२१-२२ मध्ये ज्यांनी नोकरी बदलून पगार दीडपट केला आणि त्या आकड्यावर हिंजवडीत घर घेतले, त्यांनी हप्त्याचे गणित आज पुन्हा तपासावे. हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त असेल, तर बोनस आला की कर्ज कमी करा, गाडी बदलू नका. सहा महिन्यांचा घरखर्च ठेवीत बाजूला हवा. आणि २०२१ मधली पगारवाढ ही तुमच्या लायकीचे मोजमाप समजू नका. ती बाजाराची तेजी होती.

बायकांचे काम सर्वांत उशिरा परतले. त्याच अझीम प्रेमजी अहवालात, २०२० अखेरपर्यंत गेलेले काम परत न मिळालेल्या पुरुषांचे प्रमाण सात टक्के होते, स्त्रियांचे सत्तेचाळीस. मुंबईत घरकाम करणाऱ्या अनेकींची कामे मालकिणींनी नव्हे, लोकलने हिरावली: सर्वांसाठी लोकल सुरू झाली १ फेब्रुवारी २०२१ ला, तीही ठरावीक वेळांत, एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली, १५ ऑगस्टपासून दोन लसी झालेल्यांना परवानगी मिळाली. तोवर मालकांनी भांडी घासायचे यंत्र घेतले किंवा जवळची बाई ठेवली. पुन्हा काम धरताना जुन्या दराला होकार देऊ नका. वरचा ३२ टक्क्यांचा हिशेब घरकामालाही लागू आहे. दर कामागणिक ठरवा, किती माणसांचे घर ते आधी विचारा, आठवड्याची सुट्टी आणि दिवाळीचा पगार पहिल्याच दिवशी बोलून घ्या. दुकानात किंवा ऑफिसात परत जाणाऱ्या ताईंनी बायोडेटात मधली वर्षे लपवू नयेत. ‘२०२० ते २०२२: घरातील आजारपण व मुलांचे शिक्षण, याच काळात टॅली शिकले’ एवढी ओळ पुरते. लपवलेली वर्षे मुलाखतीत हमखास निघतात.

गावी परतून शेतीतच राहिलेल्यांना एवढेच सांगतो की दोन एकरांत तीन भाऊ राबले म्हणून उत्पन्न तिप्पट होत नाही. कोणी थांबायचे आणि कोणी बाहेर पडायचे, हे घरात बसून ठरवा आणि त्याला तारीख लावा. नाहीतर वर्षे निघून जातात आणि चाळिशीत शहरात नवे काम मिळत नाही.

या धावपळीत फसवणूकही फोफावली आहे. कामाआधी ‘रजिस्ट्रेशन’, ‘युनिफॉर्म’ किंवा ‘लॅपटॉपचे डिपॉझिट’ मागणारा माणूस नोकरी देणारा नसतो. रत्नागिरी-रायगडातून आखातात जाणाऱ्यांनी एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदलेला आहे का, ते बघावे. त्याला घेता येणारे शुल्क तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच आहे. पर्यटक व्हिसावर ‘तिथे गेल्यावर बदलून देतो’ म्हणणाऱ्याकडे पासपोर्ट देऊ नका.

येत्या पगाराच्या दिवशी पीएफचे पासबुक उघडा आणि गेल्या बारा महिन्यांचे हप्ते मोजा. एखादा कमी असेल, तर भविष्य निर्वाह निधी कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.